आयुधपूजेला बंद ठेवलेला पंप

गिरीधरराव चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागातले जुने तंजावरी मराठी. नोकरी उत्तर चेन्नईतल्या एका कारखान्यात, बॉयलरवरच्या केमिस्टची. कोळशाच्या धुरात पारा असतो आणि तो मोठा लबाड. धूर धुणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यात तो विरघळत नाही, सरळ चिमणीवाटे गावभर जातो. फवाऱ्याच्या आधी धुरात ऑक्सिडीकारक द्रावण सोडलं, की त्याचं रूप बदलतं आणि पाणी त्याला धरतं. कारखान्यात त्या द्रावणाला सगळे ‘औषध’ म्हणत. ते सोडणारा पंप गिरीधररावांनी भांडून, चाचणीपुरता बसवून घेतला होता. चिमणीवरच्या मीटरवर धुरातला पारा उतरला, तेव्हापासून स्वारी हवेत होती. निवृत्तीआधी पंप कायमचा व्हावा, एवढंच त्यांना हवं होतं.

मग नवरात्राच्या नवमीला अवजारं-यंत्रं पुजायची आयुधपूजा आली. त्या दिवशी चेन्नईत पान्यालासुद्धा सुट्टी. बॉयलर थांबवता येत नाही, पण पंपाला विश्रांती देता येते. गिरीधररावांनी त्याला चंदन-कुंकू लावलं, बटण बंद केलं आणि हात जोडले. मीटर तेवढं चालू राहिलं. दुसऱ्या दिवशी पाहतात तर पारा तितकाच कमी!

त्यांनी कोळशाचे नमुने तपासायला घेतले. शोधाशोध केल्यावर उलगडा झाला. पंप बसवला त्याच सुमारास सुरू झालेल्या परदेशी कोळशातच क्लोरीन भरपूर होतं आणि औषधाचं काम तेच करत होतं. औषध नुसतं मिरवत होतं.

“गप राहा की,” बायको जयंती म्हणाली. “पूजेदिवशी मीटर कोण पाहतंय? अय्यो, एवढी मेहनत वाया घालवायची?”

पण गप बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी मॅनेजर राममूर्तींना सगळं सांगितलं. “सर, हा कोळसा आहे तोवर औषध नको. कोळसा बदलला तर मात्र लागेल.” राममूर्तींनी प्रामाणिकपणाचं तोंडभर कौतुक केलं आणि पंप उचकटून दुसऱ्या विभागाला दिला.

पोंगलनंतर वेगळा कोळसा आला. त्यात क्लोरीन नावापुरतं. मीटर चढू लागलं, तसे गिरीधरराव धापा टाकत केबिनमध्ये शिरले.

“पंप परत बसवा, सर. पारा बाहेर चाललाय.”

“अहो, गरज नाही असं तुम्हीच सांगितलंत ना?”

“त्या कोळशापुरतं म्हणालो होतो.”

“मी वर तुमचंच नाव घेऊन कळवलंय. आता कोणत्या तोंडाने मागू?”

गिरीधरराव बाहेर आले. चिमणीतून नेहमीसारखाच पांढरा धूर निघत होता. खरं बोलल्याचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच राग आला.