न जळणारे बावीस ड्रम

माझे वडील शिवराम रोकडे, म्हणजे आमचे आबा, अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं ड्रम हलवत होते. दोनशे लिटरचा भरलेला ड्रम त्याच्या काठावर तिरका करायचा आणि हाताने गोल गोल फिरवत न्यायचा, हे त्यांचं काम. त्या कामाची त्यांना कधी भीती वाटली नाही. भीती सुरू झाली १९८७ साली, त्यांना बढती मिळाल्यावर.

गोडाऊनचे जुने अटेंडंट निवृत्त झाले आणि त्या खुर्चीत आबांना बसवलं. आबा सातवीपर्यंत शिकलेले, तेही मराठीतून. आता रोज सकाळी दहा वाजता ऑफिसातून श्यामकांत साहेबांचा इंटरकॉम यायचा. "बोला शिवराम, काय काय आलंय?" आणि आबांना ड्रमवरची इंग्रजी नावं मोठ्याने वाचून दाखवावी लागायची.

पहिल्याच आठवड्यात एक्सने सुरू होणारं नाव आलं. आबा म्हणाले, "क्सायलीन." पलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं. ते झायलीन होतं. मग एक नाव असं आलं की सुरुवातीलाच पी, एच, टी, एच ओळीने उभे. आबांनी नुसती अक्षरंच सांगितली. ते निघालं थॅलिक.

"पी लिहायचा आणि म्हणायचा नाही, असं कसं गं, काशी?" संध्याकाळी त्यांनी मला विचारलं.

मी तेव्हा नववीत होते. बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या चाळीत आमच्या दोन खोल्या. आबा दिवसभरात अडलेले शब्द सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर उतरवून आणायचे आणि मी पोळीच्या पाटावर वही ठेवून त्यांचा अर्थ सांगायचे. वर्गात इंग्रजीत माझा दुसरा नंबर होता. त्याचा मला फार ताठा होता.

कारखान्याच्या लॅबमध्ये मालिनीबाई म्हणून केमिस्ट होत्या. त्या आबांना उच्चार सांगायच्या. पण अर्थ मात्र आबा त्यांना कधी विचारायचे नाहीत. उच्चार चुकला तर माणूस हसतं. अर्थच माहीत नाही म्हटलं तर खुर्ची काढून घेतील, असं त्यांना वाटायचं. दहाच्या इंटरकॉमच्या धास्तीने त्यांचा डबा निम्मा परत यायचा. आई म्हणायची, "यापेक्षा ड्रम बरे होते. निदान जेवण तरी अंगी लागायचं."

जानेवारीत एका नव्या ठिकाणाहून बावीस ड्रम आले. एरवी ड्रमवर ज्वाळेचं चित्र असायचं. यांच्यावर चित्र नव्हतं. कागदाची लेबलं वाटेत फाटली होती. उरला होता फक्त लाल रंगाने छापलेला एक लांबलचक शब्द. त्याच वेळी गोडाऊनचे रॅक बदलायचे होते आणि मागच्या शेडमध्ये त्यांचं वेल्डिंग चालणार होतं. साहेबांनी सांगितलं, "जे पेटत नाही तेवढंच शेडमध्ये ठेवा. बाकी सगळं आत."

त्या संध्याकाळी आबांनी कागद माझ्यापुढे ठेवला. आय, एन, एफ, एल, ए, डबल एम, ए, बी, एल, ई.

माझ्या छोट्या डिक्शनरीत तो शब्द नव्हता. 'फ्लेम' होता: ज्वाळा. आमच्या सहामाहीला विरुद्धार्थी शब्द होते. करेक्ट, इनकरेक्ट. डायरेक्ट, इनडायरेक्ट. व्हिजिबल, इनव्हिजिबल. मला सगळं लख्ख दिसलं.

"इन लागला की उलटं होतं, आबा. फ्लॅमेबल म्हणजे पेटणारं. इन लावला, म्हणजे न पेटणारं."

"नक्की? लाल अक्षरं आहेत गं."

"लाल तर पोस्टाची पेटीपण असते."

आबा हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, काही आबांकडून, काही सोमा वेल्डरकडून.

दुसऱ्या दिवशी आबांनी बावीसच्या बावीस ड्रम शेडमध्ये भिंतीला लावून घेतले. पावणेदहा वाजले. साहेबांना तो शब्द वाचून दाखवायचा होता, म्हणून त्यांनी आधी लॅबला फोन लावला. एकेक अक्षर सांगितलं.

"इन्फ्लॅमेबल," मालिनीबाई म्हणाल्या. "बोला बघू."

"इन्फ्लॅमेबल."

"बरोबर. कुठे ठेवलेत ते?"

"मागच्या शेडमध्ये. न पेटणारे आहेत ना, म्हणून."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्या ओरडल्याच. "शिवरामभाऊ, ते पेटतात! फ्लॅमेबल आणि इन्फ्लॅमेबल एकच! पळा!"

शेड साठ-सत्तर पावलांवर होती. आबा सांगायचे, पाय माझे नव्हतेच. शेडमध्ये सोमा तोंडावर काच धरून बसलेला, ठिणग्या उडत होत्या. हाका मारून त्याला ऐकू जाईना. शेवटच्या ड्रमच्या बुचाशी पाझर लागला होता आणि फरशीवर ओला पट्टा सोमाच्या दिशेने सरकत होता. आबांनी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला.

"ए, लाइट कोण घालवला रे?" सोमाने काच बाजूला केली.

तेवढ्यात आधी पडलेल्या एका ठिणगीने ओला पट्टा पेटला. निळसर ज्वाळा फरशीवरून पळाली, सोमाच्या पँटपर्यंत. आबांनी त्याला दंडाला धरून बाहेर फेकलं आणि वाळूची बादली पालथी केली, मग दुसरी, मग तिसरी. ओली पोती टाकली. आग त्या पाझरणाऱ्या ड्रमपासून हातभर अंतरावर विझली. कंपाउंडच्या पलीकडे शंभरेक झोपड्या होत्या. बायका नळावर भांडत होत्या. त्यांना काही कळलंसुद्धा नाही.

आबा घरी आले तेव्हा उजव्या हाताला पट्टी होती. चहाही न घेता त्यांनी मला हाक मारली. "काशी, तो कालचा शब्द पुन्हा वाच."

मी वाचला. त्यांनी सगळं सांगितलं. मी तो कागद पालथा घातला. सोमाकाकाची मुलगी माझ्याच वर्गात होती.

तीन दिवसांनी घरी नोटीस आली, पूर्ण इंग्रजीत. आबांनी ती माझ्यापुढे धरली आणि मला पाकीट उघडवेना, शेवटी त्यांनीच उघडलं. मी एकेका शब्दावर बोट ठेवायचे आणि काढून घ्यायचे. 'कॉज' म्हणजे कारण, हे पाठ होतं. तरी उठून डिक्शनरीत तीनदा बघितलं. निग्लिजन्स. लायबल. टर्मिनेशन. ओळखीचं अक्षरसुद्धा दबा धरून बसल्यासारखं वाटत होतं.

"आबा, मला नाही येत," मी रडायला लागले. "मालिनीबाईंना विचारा."

आणि आबा गेले. पहिल्यांदाच अर्थ विचारायला गेले. बाईंनी शब्द न् शब्द मराठीत सांगितला: हलगर्जीपणा का केला, अठ्ठेचाळीस तासांत लिहून द्या, नाहीतर कामावरून काढू.

"माझं नाव लिहा," मी म्हणाले. "मी सांगितलं म्हणून लिहा."

"खुर्चीत मी बसतो. तू बसतेस का?"

त्यांनी मराठीतच चार वाक्यांचं उत्तर लिहिलं: शब्दाचा अर्थ मी चुकीचा समजलो. तो विचारायची मला भीती वाटली. ती वाटायला नको होती. गोडाऊनमधल्या एकाही माणसाला हा शब्द कुणी शिकवलेला नाही.

चौथं वाक्य खोडा, असं युनियनवाल्यांनी सुचवलं. आबांनी खोडलं नाही.

नोकरी गेली असं धरून आई उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये शिलाईच्या कामाची चौकशी करून आली. दहा दिवस कारखान्याच्या उत्तराची वाट बघण्यात गेले. शेवटी आबांना पंधरा दिवस घरी बसवलं आणि परत ड्रमवर पाठवलं. खुर्ची गेली ती गेलीच. पण मालिनीबाईंनी साहेबांच्या मागे लागून गोडाऊनमध्ये फळा लावून घेतला. इंग्रजी शब्द, उच्चार, मराठी अर्थ. पहिली ओळ आबांच्या अक्षरात: 'इन्फ्लॅमेबल – पेट घेतो'.

मी पुढे कितीतरी वर्षं कुणाला कशाचाही अर्थ सांगितला नाही. बोर्डात इंग्रजीत चांगले मार्क मिळाले, तरी शेजारच्या बायका पत्र घेऊन आल्या की मी मोरीत जाऊन बसायचे. आबांचं उलटं झालं. भीती त्यांचीही गेली नाही, पण ते विचारायला लागले.

१९९४ साली आईचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात सहीसाठी इंग्रजी कागद आला. आबांनी पेन खाली ठेवलं. "यात काय लिहिलंय ते सांगा."

"नेहमीचंच असतं हो," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. "मागे लाइन बघा."

"बघितली. सांगा."

मागचे लोक कुरकुरायला लागले. आबांनी बाहीने कपाळ पुसलं, पण ते हलले नाहीत. शेवटी डॉक्टर स्वतः बाहेर आले आणि ओळ न् ओळ समजावून दिली. भूल, रक्त, जिवाला असलेला धोका. आबांनी ऐकलं, एक शब्द दोनदा विचारला आणि मग सही केली.

मागच्या बाकावर गोजरबाई नावाची एक म्हातारी बसली होती. तिच्या नवऱ्याच्या ऑपरेशनच्या कागदावर तिच्या मुलाने सकाळीच, न वाचता, सही केली होती. ती उठून आबांजवळ आली आणि घडी घातलेला कागद पुढे केला.

"भाऊ, माझंबी जरा विचारा."

आबांनी कागद उलगडला आणि डॉक्टर आत जायच्या आत त्यांना हाक मारली.