मालक बदलला की नारळ

माझ्या साडूइतका डोकं खाणारा माणूस अख्ख्या अबुधाबीत नसेल, आणि दुबईत असला तर त्याला तिथंच ठेवा. मी सातवी नापास, मुसाफातल्या वर्कशॉपात वेल्डिंग करत म्हातारा झालो. गोड करून सांगायला मला येत नाही. हा माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. शिकलेला, ऑफिसात टाय लावून जाणारा. पण त्याच्याकडं एक जुनी इंग्रजी गाडी होती, पेटीसारखी चौकोनी, वाळूत चालणारी, आणि तिच्यापुढं त्याला बाकी जग दिसायचं नाही. इंजिनाखाली तेल ठिबकायचं म्हणून त्यानं बायकोची माहेरची परात खाली ठेवलेली. ती बिचारी पातेल्यात कणीक मळायची. एसी नावालाच. दर शुक्रवारी हा आमच्या दारात हॉर्न वाजवत हजर, आणि आम्हा दोघांना वाळूत नेऊन हाडं खिळखिळी करून आणायचा. पुढची सीट माझ्या बायकोची. पट्टा जुन्या पद्धतीचा, हातानं सैल-घट्ट करायचा. तो त्यानं तिच्या बारक्या अंगाच्या मापानं बसवलेला. मी मागं, टपाला डोकं आपटत.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण ती गाडी बनवणारी कंपनी इंग्रजांनी जर्मनांना विकली, आणि हा सकाळी चहाआधीच आमच्याकडं आला, तोंड पाडून. म्हणाला, "खलास. विकली." मला वाटलं गाडीच विकली, मी मनात देवाला हात जोडले. कंपनी विकली म्हटल्यावर विचारलं, "तुझे शेअर होते का रे त्यात?" तर असा बघतो, जणू मी कुणाच्या मयताला हसलो. बायको आतून म्हणाली, "भाऊजी, सून घरातच आहे, नुसतं तिचं माहेर बदललंय. चहा घ्या." ते त्याला इतकं पटलं, की नव्या माहेरच्या नावानं गाडीची नव्यानं पूजा करायची ठरली. हळदकुंकू, हार, चाकाखाली लिंबू, आणि नारळ फोडताना मला धरून उभा केला. त्याच्या शेजारचा अरबी म्हातारा आवाजानं बाहेर आला. "न्यू कार, हबीबी?"

"नो. न्यू ओनर."

"यू सेल?"

"मी नाही. कंपनी सेल."

म्हाताऱ्यानं गाडीकडं बघितलं, परातीकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं, जणू याला सांभाळायला मलाच ठेवलाय. पुढं काही वर्षांनी जर्मनांनी ती अमेरिकनांना विकली. पुन्हा चहाआधी, पुन्हा तोंड पाडून, पुन्हा नारळ. या खेपेला तो अरबी म्हातारा प्रसादाला खजूर घेऊन आला. येड पसरतं ते असं.

मग माझी बायको गेली. मी कुणाशी धड बोलत नव्हतो. पोरगा खलिफा सिटीत राहायला बोलवायचा, त्यालाही नाही म्हटलं. याचा हॉर्न मात्र दर शुक्रवारी ठरलेला. मी खिडकी उघडायचो नाही. हा वाजवून वाजवून जायचा. एकदा डोकं फिरलं. खाली उतरलो आणि तोंडावर सांगितलं, "कशाला येतोस रे? ती होती म्हणून मी तुझा साडू. ती गेली, नातं खलास. जा घरी."

तो गाडीतून खाली उतरला, बॉनेटवरच्या नावावरची वाळू शर्टाच्या बाहीनं पुसली. म्हणाला, "इंग्रज गेले, जर्मन गेले, आता अमेरिकन आलेत. पाटी काढली का कुणी हिची?"

"मूर्खा, माझं माणूस गेलंय. कंपनी नाही."

"माझी ताई नव्हती का ती?" तो म्हणाला. मग पुढचं दार उघडून धरलं. "बसा साडूभाऊ. यल्ला, चला."

बसलो. पट्टा ओढला तर पुरेना. सैल करायला त्यानं हात पुढं केला, तो मी बाजूला सारला. पोट आत घेतलं, कसाबसा अडकवला. गाडी वाळूला लागली. श्वास नीट घेता येत नव्हता, पण पट्टा सैल करवेना.