चारचौघांतली प्रायव्हेट बोट

डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावातल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये एका भिंतीवर कायमची पांढरी चादर ठोकलेली असायची. ती स्लाइड दाखवण्यासाठी. ऐंशीच्या दशकात मिशिगनमधल्या मराठी माणसाने कुठेही प्रवास केला, की पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायच्या जेवणाला, जमलेल्या मंडळींना त्याच्या स्लाइड दाखवणं हे त्याचं पवित्र कर्तव्य असे, आणि त्या शेवटपर्यंत पाहणं ही जेवलेल्यांची शिक्षा. नायगारा तर आम्ही ओळखीच्या प्रत्येक घरातल्या चादरीवर पाहिला होता. धबधबा तोच, पुढे स्वेटर घालून उभं असलेलं कुटुंब तेवढं वेगळं.

इटलीच्या स्लाइड दाखवायची पाळी आमच्यावर आली ती एका रविवारी दुपारी. नवरा हातातल्या फूटपट्टीने चादरीवर दाखवत म्हणाला, "आणि ही आमची प्रायव्हेट बोट. लेक कोमो." चादरीवर निळं पाणी होतं, मागे डोंगर होते, आणि बोटीत आम्ही धरून चार माणसं होती.

पुढच्या खुर्चीवरच्या एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "प्रायव्हेट ना? मग हे दोघं कोण?"

"आपलीच माणसं," नवरा म्हणाला आणि बटण दाबून त्याने घाईने पुढची स्लाइड आणली. ती एका चर्चच्या जिन्याची होती आणि तिच्यावर तो बराच वेळ बोलला.

ती आपली माणसं कोण, हे सांगायचं तर 'अहो'पासून सुरुवात करायला हवी.

मी आणि नवरा पुण्यात एकाच कॉलेजात होतो. त्यामुळे तो माझा 'तू' होता. लग्न झाल्यावर दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला जवळ बसवून प्रेमाने सांगितलं, "घरात काय ते म्हण, पण चारचौघांत 'अहो' म्हणत जा." मी आनंदाने कबूल केलं. चारचौघं दिवसातून असे कितीसे भेटणार, असा माझा हिशेब. दोन खोल्यांत आम्ही सहा जण राहत होतो, हे हिशेबात धरायचं राहून गेलं. चारचौघं घरातच होते.

मग अमेरिकेला आलो. इथे म्हणे तान्ह्या मुलालाही स्वतंत्र खोली असते. मला वाटलं, सुटलो. पण सासूबाई वर्षातले सहा महिने आमच्याकडे असायच्या, आणि उरलेले सहा महिने आमचं बेसमेंट म्हणजे धर्मशाळा असे. नागपूरहून, सांगलीहून डेट्रॉइटला शिकायला किंवा नोकरीला आलेला कुणी ना कुणी 'फक्त वीकेंडपुरता' उतरलेला असायचा आणि स्वतःचं अपार्टमेंट मिळेपर्यंत आमच्याकडे वरणभात जेवायचा. त्यांच्यासमोरही 'अहो'च. अमेरिकेतही चारचौघं आलेच, फक्त इथे ते जाड जॅकेट घालून आले.

'अहो'ला माझी हरकत नव्हती. पण त्या शब्दाची एक खोड आहे. 'अहो'ने सुरू केलेलं कुठलंही वाक्य शेवटी विनंतीच होतं. अहो, येताना दूध आणा. अहो, बर्फ काढता का. 'अहो' म्हणून माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. मला तरी कधी आलं नाही.

आणि मला नवऱ्याला 'नाही' म्हणायचं होतं. परत जायला नाही.

त्या काळी आमच्या ओळखीचं प्रत्येक घर दोन वर्षांनी परत जाणार होतं. दरवर्षी दोनच वर्षं उरलेली असायची. आमच्याकडे तर परत जाणं हा कुळाचारच होता. सोफ्याचं प्लास्टिक काढायचं नाही, कारण तो विकताना नवा दिसला पाहिजे. मी अंगणात सफरचंदाचं झाड लावू म्हटलं, तर नवरा म्हणाला, "फळं धरेपर्यंत आपण इथे असणार आहोत का?" प्लास्टिकवर बसून उन्हाळ्यात पाठ चिकटायची, तरी आम्ही भारतात परत जाण्याच्या आनंदात होतो.

मी मात्र त्या आनंदातून हळूहळू बाहेर पडले होते. त्याला कारण एक बस. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी गावातल्या शाळेची पिवळी बस चालवायचं लायसन्स काढलं होतं. बर्फात, अंधुक सकाळी, मागे कलकलाट करणारी पोरं घेऊन ते एवढं लांब धूड वळवताना मला जे सुख मिळे ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी दांडा ओढून बसच्या बाजूची 'स्टॉप'ची पाटी उघडली की दोन्ही बाजूंचे मोठमोठ्या गाड्यांतले मोठमोठे लोक गप उभे राहत. पुण्यात मी थांबवल्याने कुणी थांबलं असतं असं वाटत नाही. नवरा मोटारीच्या दारांची हँडलं डिझाइन करायचा, आणि हे तो सगळ्यांना सांगायचा. मी काय करते असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "ती शाळेत असते." खोटं नव्हतं. दिवसातून दोनदा मी शाळेच्या दारापर्यंत जातच होते.

परत जायचं नाही हे मी त्याला गाडीत सांगायचा प्रयत्न केला होता. आमचं 'तू' गाडीतच राहायचं, काचा वर करून. पण मी "अरे, ऐक ना" म्हटलं की तो आरशात बघून म्हणायचा, "आत्ता नको, एक्झिट चुकेल." मागून मुलगी म्हणायची, "मॉम, लेट हिम ड्राइव्ह." मिशिगनच्या हायवेंना बाहेर पडायच्या इतक्या एक्झिट आहेत हे मला त्याच्याशी बोलायला लागल्यावर कळलं.

त्या उन्हाळ्यात मुलगी आजीबरोबर आधीच पुण्याला गेली आणि आम्ही मागून निघालो. विमान मिलानला बदलत होतं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने त्याला सांगितलं की तिथवर जाऊन लेक कोमो न बघणारा माणूस गाढव असतो. नवऱ्याला गाढव व्हायचं नव्हतं, म्हणून दोन दिवस थांबायचं ठरलं. आणि तिथे गेल्यावर त्याने, जो कधी टॅक्सीसुद्धा एकट्याने करत नाही, चक्क प्रायव्हेट बोट ठरवली. "ओन्ली यू अँड मी," तो म्हणाला. मी मनातल्या मनात बोटीच्या चारी बाजूंनी फिरून आले. चारी बाजूंना पाणी. तळ्याला एक्झिट नसते.

हीच शेवटची संधी होती, कारण पुण्यात पोहोचल्यावर तो कोथरूडमधल्या फ्लॅटच्या कागदांवर सही करणार होता. माझ्या दिरांनी, भाऊजींनी, सगळं ठरवून ठेवलं होतं. एकदा ती सही झाली की माझी बस बंद. आणि पुण्यात तर चारचौघं पायलीला पन्नास.

धक्क्यावर बोट तयार होती. लाकडी, चकचकीत, पांढऱ्या गाद्यांची. बोटवाला म्हातारा, टोपी घातलेला. मी एक पाय बोटीत टाकला आणि मागून आवाज आला, "अहो, जरा सावकाश, पाय घसरेल." शुद्ध मराठीत. मी वळून पाहिलं. माझ्या नवऱ्याने माझ्याआधीच पाहिलं होतं.

साठीचे काका आणि नऊवारीवर स्वेटर आणि पायांत कॅनव्हासचे बूट घातलेल्या काकू. डोंबिवलीचे. मुंबईहून निघालेल्या एका युरोप सहलीबरोबर आले होते, आणि मॅनेजरने सगळ्यांना संध्याकाळपर्यंत मोकळं सोडलं होतं. नवऱ्याने नाव विचारलं, गाव विचारलं, आणि तिसरं वाक्य असं होतं: "अहो, मग या ना आमच्या बोटीत. रिकामीच आहे."

रिकामी. मी आत उभी होते.

बोटवाल्याने दोन बोटं दाखवली, मग चार दाखवली, आणि भुवया वर करून म्हणाला, "प्रिवातो?"

"फॅमिली," नवरा डोंबिवलीकडे हात करून म्हणाला. "फॅमिली, फॅमिली."

हे फक्त आपल्यालाच जमतं. जगातल्या इतर जमातींना प्रायव्हेट बोट मिळाली तर त्या तीत प्रायव्हेट बसतात. मराठी माणूस आधी ती भरायला कुणी मिळतंय का ते बघतो, आणि कुणी नाही मिळालं तर त्याला पाप केल्यासारखं वाटतं.

बोट निघाली. तळं सुंदर होतं, हे मान्य करायलाच हवं. डोंगर उतरत पार पाण्यापर्यंत आलेले, काठाने पिवळी गुलाबी घरं, त्यांच्या पायऱ्या थेट पाण्यात. बोटवाला अधूनमधून एखाद्या बंगल्याकडे हात करून "विला" म्हणायचा, आणि फारच सुंदर असला तर "बेल्ला". काका प्रत्येक विलाकडे बघून म्हणायचे, "आपलं भंडारदरा काही कमी नाही. पण आपल्याकडे जपणूक नाही." काकूंनी पिशवीतून चिवडा काढून मला दिला, मग बोटवाल्याला दिला. त्याला तिखट लागलं आणि बोट थोडी वाकडी गेली. नवरा खूश होता. बोटवाल्याने इंजिन बंद करून त्याला चाक धरू दिलं आणि काकांनी त्याचा फोटो काढला. थांबलेल्या बोटीचं चाक धरून तो असा उभा होता, की जणू अमेरिका त्यानेच शोधली.

"तुम्ही काय करता हो?" काकूंनी मला विचारलं.

"ती शाळेत असते," नवरा चाकावरून म्हणाला.

"टीचर का? छान." मी चिवडा खाल्ला.

मग काकांनी तो प्रश्न विचारला, जो भारतातून आलेला प्रत्येक माणूस विचारतो. "मग परत कधी येणार? का तिकडचेच झालात?"

"छे छे," नवरा म्हणाला. "आता फ्लॅटचंच फायनल करायला चाललोय. पुढच्या जूनला कायमचे परत. मला एकवेळ तिकडे चालेल, पण हिला अगदी कधी एकदा परत जाते असं झालंय."

मला राग आला. इतका, की कानांच्या पाळ्या तापल्या. मी शब्द निवडले नाहीत, ते तोंडातून आले तसेच बाहेर पडले.

"अरे, काय बोलतोयस तू? मला परत जायचं नाहीये. तू सही करू नकोस. केलीस तर त्या फ्लॅटमध्ये तू एकटा राहा. आणि काकू, मी टीचर नाही. मी शाळेची बस चालवते."

काकूंचा चिवड्याचा हात तोंडाशी थांबला. काका डोंगराकडे बघायला लागले. नवऱ्याने चाक सोडलं.  बोटवाल्याला वाटलं असावं की आपण काहीतरी दाखवायला हवं.

"विला," तो म्हणाला. "बेल्ला."

मला खात्री आहे, परत न जाण्याचा त्या दोघांना फारसा धक्का बसला नव्हता. धक्का बसला तो 'अरे'चा. उरलेला वेळ काका नवऱ्याकडे, त्याच्या घरात कुणी आजारी असल्यासारखे, हळुवारपणे बघत होते. धक्क्याला लागल्यावर पुरुष पुढे गेले. काकूंनी माझा हात धरून मागे ओढलं. मला वाटलं, आता चार उपदेशाचे शब्द.

"एक विचारू?" त्या हळूच म्हणाल्या. "बस म्हणजे केवढी हो?"

"साठेक मुलं बसतात."

"अगं बाई," काकू म्हणाल्या आणि बराच वेळ त्यांनी माझा हात सोडला नाही.

 नवरा विमानात झोपला, किंवा झोपल्यासारखा पडून राहिला. पुण्यात भाऊजी आम्हाला कोथरूडला घेऊन गेले.  नवऱ्याने सगळे नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडून पाहिल्या, दारांची हँडलं तर फारच बारकाईने पाहिली, आणि म्हणाला, "गॅलरी लहान आहे." भाऊजींनी डोक्याला हात लावला. अमेरिकेत राहून डोकं फिरलं, असं घरात ठरलं. सही झाली नाही. त्यावर आम्ही दोघं काहीच बोललो नाही. पुण्यात बोलायला जागा नव्हती, आणि नोव्हायला आल्यावर एक्झिट होत्याच.

म्हणून त्या रविवारी स्लाइडवर काका-काकू दिसले तेव्हा मला एकदम ते तळं आठवलं. पाहुणे आपापली रिकामी भांडी घेऊन गेले. सासूबाई त्या हिवाळ्यात पुन्हा आल्या होत्या, त्या वर स्वयंपाकघरात होत्या. बेसमेंटमध्ये मी खुर्च्या दुमडत होते आणि नवरा प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होता.

"अरे, एक सांग," मी म्हटलं. "त्या दोघांना का बोलावलंस बोटीत?"

त्याने वायरचा एक वेढा घेतला, मग आणखी एक.

"तू काय बोलणार ते मला माहीत होतं," तो म्हणाला. "आणि तू म्हणालीस की मला ऐकावं लागणार, हेही."

"मग?"

"मग काय. वाटलं, परक्या माणसांसमोर तू 'अहो'च म्हणशील. आणि 'अहो' म्हणून तुला ते सांगायला जमायचं नाही."

म्हणजे इतकी वर्षं त्यालाही माहीत होतं. मी मात्र समजत होते की 'अहो'ची ही खोड माझी मलाच ठाऊक आहे. मी हातातली खुर्ची भिंतीला टेकवली. हसावं की चिडावं ते कळेना.

जिन्यातून सासूबाईंचा आवाज आला, "चहा टाकतेय. कुणाकुणाचा?"

"माझा टाका," मी वर बघून म्हणाले, "आणि हाही घेईल."

 वर कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ओट्यावर एकामागून एक तीन कप ठेवल्याचा.