याकूबचाचा आणि न जोडलेली पिन

याकूबचाचांना मी मारलं.

गावात म्हणतात, शेवाळावरून घसरले. म्हणू देत.

आज वर्ष झालं. सकाळीच ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी त्यांचा फोटो टाकला. "आमचे सच्चे कम्युनिटी पार्टनर." खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. माझं डोकंच फिरलं, म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. दासगावला सावित्री नदीच्या काठी, जुन्या धक्क्याच्या पायऱ्यांखाली आमचा एक डबा बसवलाय. नदीचं पाणी चढायला लागलं की गावातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर मेसेज पाठवतो. त्याचं सर्किट माझं. मी मूळची जवळच्याच नाते गावची, नोकरी पुण्यात. आपल्या भागासाठी काहीतरी केलं म्हणून याच प्रोफाईलवर किती मिरवलं होतं मी. तुम्हीच लाइक दिले होते.

चाचांचं घर धक्क्याच्या वर, म्हणून डब्याची चावी त्यांच्याकडे. आयुष्य कुवेतला एसी दुरुस्त करण्यात गेलेलं. डबा उघडून त्यांनी आत डोकावलं आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"गो पोरी, ह्येचा रिसेट कुठं हाय?"

मी हसले. तेव्हा हसायला येत होतं.

सांगते काय ते. डब्यात मेसेज पाठवायला एक मोडेम असतो, टपाल तिकिटाएवढा. त्याला खूप पिना. त्यातल्या तीन कामाच्या. एक पॉवर-की, म्हणजे मोबाईलच्या कडेचं बटण समजा. दुसरी स्टेटस, "मी चालू आहे" असं सांगणारी. तिसरी रिसेट.

मोडेम हँग झाला की पॉवर-कीला जुमानत नाही. कितीही दाबा. आणि स्टेटसवर बिनदिक्कत "मी चालू आहे" सांगत राहतो. तेव्हा फक्त रिसेट ऐकतो.

मी पहिल्या दोन जोडल्या. तिसरी सोडली.

कारण डबा चालवणाऱ्या कंट्रोलर चिपचा एकच पाय, म्हणजे एकच पिन, शिल्लक होता आणि साहेबांना डब्यावर हिरवा दिवा हवा होता. उद्घाटनाला पाहुण्यांना काहीतरी पेटलेलं दिसलं पाहिजे ना. मी एकदा म्हटलं, "सर, रिसेट राहील." ते म्हणाले, "फेज टूमध्ये बघू." मी मान डोलावली. दुसऱ्यांदा बोलले नाही.

दिवा छान पेटला. फोटोही छान आले.

पहिल्याच पावसात डबा मुका झाला. दिवा हिरवाच. मी चाचांना फोन केला. ते पायऱ्या उतरले, बॅटरीची वायर काढली, फोन कानाला तसाच ठेवून मोठ्याने दहापर्यंत मोजलं आणि वायर परत लावली. डबा सुरू.

"झोपवून उठवला गो. आता च्या पी."

मग ते नेहमीचंच झालं. पुढे पुढे तर पाऊस वाढूनही मेसेज आला नाही की मी फोन करायच्या आधीच ते जाऊन यायचे. मी दर वेळी म्हणायची, "चाचा, नेक्स्ट व्हर्जनला रिसेट टाकते."

"तुजा नेक्स्ट व्हर्जन माज्या मयतीला येल."

दोघं हसायचो.

आता सगळ्यात घाण भाग. चाचा लगेच उठवायचे म्हणून रिपोर्टमध्ये डबा कधी बंद दिसलाच नाही. ग्राफ सरळ रेघ. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "फील्डवर एकही तक्रार नाही, मग रिसेट कशाला?" सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मला माहीत होतं ती रेघ कोण सरळ ठेवतंय. मी थँक्यू म्हणाले.

गेल्या वर्षी आजच्या दिवशी, दुपारी, धो धो पाऊस. डबा गप्प. मी फोन केला नाही. कशाला करू, चाचा आहेतच.

थोड्या वेळाने माझ्या मोबाईलवर मेसेज आला. "डिव्हाइस सुरू. पाणी पातळी सामान्य."

मी मनात म्हटलं, उठवला चाचांनी. आणि खरंच चहा प्यायला गेले.

वायर लावून परत चढताना ते पडले होते. डोक्याला मार लागला. तो मेसेज गावातल्या प्रत्येक मोबाईलवर गेला होता. सगळं सामान्य आहे म्हणून कुणीच धक्क्याकडे फिरकलं नाही. चाची शोधायला गेल्या तेव्हा उशीर झाला होता.

मी भेटायला गेले. सगळं कबूल करायचं ठरवून गेले होते. तोंड उघडायच्या आत चाची म्हणाल्या,

"तुमच्या साहेबाचा फोन येयाचा ना, डबा कसा हाय म्हणून. हे सांगायचे, एकदम मस्त, कदी बंद नाय पडत. मी म्हटलं, खोटं कशाला बोलताव? तर म्हणाले, गप ऱ्हा. पोरीची नोकरी हाय."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं.

मी कबूल न करताच परत आले. भित्री कुठली. आज इथे करतेय. साहेब, तुम्हीही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात, वाचा. चाचींना मात्र हे फोनवर वाचून कळायला नको, म्हणून काल दासगावला जाऊन समोर बसून सांगितलं. त्या उठून आत गेल्या.

त्याआधी धक्क्यावरच्या डब्यात नवीन सर्किट बोर्ड बसवला. दिवा काढला आणि तो पाय रिसेटला दिला. एक ट्रान्झिस्टर, दोन रेझिस्टर. एवढंच काम होतं ते. एवढंच.

टेस्टिंगला आलेल्या ज्युनियरने कोड बघून विचारलं, "मॅडम, रिसेटच्या आधी दहा सेकंद का थांबायचं? मोडेमच्या डेटाशीटमध्ये तर असं काही नाही."

मी म्हटलं, राहू दे.

चाचा, काल संध्याकाळी डबा हँग झाला. दहा मोजले आणि आपला आपण उठला. तुमचा नेक्स्ट व्हर्जन आला, तुम्ही म्हणाला होतात त्याहूनही वर्षभर उशिरा.

आता पायऱ्या उतरू नका.

खुदा हाफिज.