सोनं म्हणून लुटलेला कांचन

ज्याला कांचन आणि आपटा यांतला फरक कळत नाही, त्याने झाडाला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. राग येऊ दे कुणाला यायचा तर.

सत्तर सालच्या आसपास आम्ही सुरतेत, बँकेच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. माहेरच्या कांचनाचं बी मी पदराला बांधून आणलं होतं. डालड्याच्या डब्यात रुजवलं, मग मोरीचं पाणी जातं तिथे लावलं. शेळ्यांशी भांडले, वाळवीशी भांडले, क्रिकेट खेळणाऱ्या कार्ट्यांशी तर रोजच. जेवताना ह्यांना सांगायची, "आज कांचनाला नवी फांदी फुटली." हे "हं" म्हणायचे नि पेपर उलटायचे. काही वर्षांनी, नवरात्रात एकदाच्या कळ्या धरल्या. आणि त्याच आठवड्यात ह्यांची बदली आली, दिवाळीआधी हजर व्हायचं. म्हटलं, ठीक आहे, निदान पहिलं फूल बघून तरी जाईन.

आम्हा मराठी लोकांचं दसऱ्याचं सोनं, म्हणजे आपट्याची पानं, नंदुरबारहून गाडीने पोत्यात यायची. त्या वर्षी पोतं आलंच नाही. आणि सोनं वाटणाऱ्या आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी कोण? आमचे हे! मी श्रीखंडासाठी चक्का आणायला गेले आणि परत येते तो अंगणात सगळं मंडळ जमलेलं, हे स्टुलावर, हातात कोयता. झाडाचा नुसता खराटा केलेला.

"अगं, आपल्या दारातच सोनं होतं की!"

जोडपान दिसलं की झाला आपटा! "अहो, कांचन आहे तो!" मी ओरडलेच. मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, "असू दे गं, सणासुदीला कटकट नको. पानं काय, पुन्हा फुटतील."

"फुटतील हो! बघायला मी असणार आहे का इथे?"

कुंपणापलीकडच्या गुजराती शेजारणीला तेवढं कळलं. "हाय हाय बेन, कळीओ पण तोडी नाखी?" म्हणाली बिचारी.

संध्याकाळी ह्यांनी रीतीप्रमाणे डहाळी पुढे केली, "सोनं घे." पानांत दोन कळ्या सुकत होत्या. मी हात मागे घेतला.

"एवढं काय रुसायचं?" हे म्हणाले. "कांचन लावलायस, हे मला आधी कधी सांगितलं होतंस?"