ईप्साच्या कानात

सकाळपासून माझा हात पुन्हा पुन्हा पर्सकडे जात होता. आत चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर भाचीचं नाव, ईप्सा. ईप्सा म्हणजे मिळवण्याची इच्छा. आज तिचं बारसं. आत्या मी, तेव्हा कानात नाव सांगायचं मीच.

"हे नाव अख्ख्या गावात कुणाचं नाही," भाऊ येईल त्याला सांगत होता.

नेमकी त्याचीच मला धास्ती वाटत होती. आमच्या वर्गात पाच सुनीता होत्या, त्यातली मी एक. तेव्हा फार राग यायचा. पण बाई "सुनीता" म्हणून ओरडल्या की आम्ही पाचही जणी एकमेकींकडे बघायचो, आणि तेवढ्यात जरा दम घ्यायला मिळायचा. या पोरीला मात्र दर वेळी एकटीलाच उभं राहावं लागणार.

मी पाळण्यावर वाकले. मागे बायका धपाटे घालायला टपलेल्या. "कुर्र" केलं आणि आधी हळूच म्हणाले, "सुनीता." कधी लपावंसं वाटलं तर असू दे जवळ.

मग म्हणाले, "ईप्सा."

आणि पाठीत धपाटे बसले.