हिरवा रंग लावलेला फुटरेस्ट

आमचे हे रिटायर झाले आणि त्यांनी ती बुटकी, ऐसपैस क्रूझर मोटरसायकल घेतली. घेतली तर घेतली. मी एकच अट घातली, डावीकडे लेडीज फुटरेस्ट हवा. मी साडीवाली, एका अंगाला बसणारी. दोन्ही पाय डावीकडेच.

तर एका रविवारी रेवसला बहिणीकडे निघालो. डाव्या वळणावर ह्यांनी गाडी अशी झोपवली, की माझ्या पायाखालून खर्रर्र! मी किंचाळले. हे हसतायत!

"अगं, घासली! बघ किती वाकवली!"

बहिणीच्या दारात उतरून पाहिलं, तर सँडलची कड कातरल्यासारखी गेलेली. बोट गेलं असतं म्हणजे?

"तुझ्या वजनाने गाडी दबते, म्हणून टेकते," हे म्हणाले. तेच चहा पिताना बहिणीच्या नवऱ्यालाही सांगितलं. सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याचा राग मला अजून येतो.

पुढच्या रविवारी बसायला गेले, तर पाय अधांतरी. फुटरेस्टच नाही!

"काढला. वळणाला अडतो."

"आणि मी पाय ठेवू कुठे? तुमच्या डोक्यावर?"

"दोन्हीकडे पाय टाकून बस ना, पोरी बसतात तशी."

चाळीस वर्षं ह्यांच्यामागे बसले मी, स्कूटरपासून. एक शब्द न विचारता माझी जागा काढून ठेवली, ती कुठे, तर माडाच्या झावळ्यांखाली! मी तडक सहा सीटची मिनिडोअर रिक्षा पकडली आणि रेवसला गेले. बहिणीला सगळं सांगितलं, ह्या वेळी न हसता.

परत आल्यावर झावळ्यांखालून फुटरेस्ट काढला, दाराचा उरलेला हिरवा रंग त्याला खालून फासला. रंग वाळला, तसा नेऊन ह्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.

"लावा. आणि एकटेच रेवसला जाऊन या. रंग शाबूत आला, की मी बसेन."

पुटपुटत लावला. हे एकटेच जाऊन आले. मी अंगणात वाकून बघितलं. कडेचा रंग साफ उडालेला, आतलं लोखंड चकचकीत.

"आता कोणाचं वजन होतं हो मागे?"

"दगड लागला असेल."

तेव्हापासून तीनदा रंगवला. तीनदा ह्यांना दगडच लागला. मी मिनिडोअरनेच जाते. डब्यात रंग अजून अर्धा आहे.